शीतन परिपथ अवरोध अधिक

इलाही मुजावरच्या नावावर त्या वर्षी चार चुका झाल्या होत्या. पाचवी झाली की त्याचा नंबर कायमचा जाणार, हे गडहिंग्लजमध्ये बहुतेकांना माहीत होतं. मलाही माहीत होतं. तरी माझी गाडी बंद पडली तेव्हा मी ती त्याच्याकडेच ओढून नेली. संकेश्वर रोडवरची बाकीची गॅरेजं एकामागून एक बंद झाली होती आणि कंपनीचं केंद्र थेट कोल्हापुरात.

हा नंबर काय असतो ते सांगायला हवं. मी तांत्रिक माणूस नाही, कॉलेजच्या ग्रंथालयात चौतीस वर्षं काढलेला माणूस आहे. मला समजलं तेवढंच सांगतो.

आताच्या विजेच्या गाडीत बॅटरी आणि मोटर यांच्यामध्ये एक मोठा स्विच असतो. तो गाडीतल्या संगणकाच्या ताब्यात असतो. कुठे काही बिघडलं की संगणक स्विच उघडतो आणि गाडी जागच्या जागी थांबते. बिघाड काढला म्हणून स्विच आपोआप जोडला जात नाही. नोंदणी असलेल्या मेकॅनिकने पडद्यावर आपला नंबर टाकून ‘दुरुस्ती पूर्ण’ असं जाहीर करावं लागतं. मग गाडी नव्वद सेकंद स्वतःला तपासते, निकाल कंपनीच्या मोठ्या संगणकाकडे जातो आणि तिथून एक सांकेतिक सही येते. ती आली तरच स्विच जोडला जातो. ही सही म्हणजे एक प्रचंड संख्या. ती बरोबर आहे की नाही हे क्षणात पडताळता येतं, पण खोटी तयार करायची तर आजच्या यंत्रांना शतकं लागतील. त्यामुळे पूर्वी वायरीला वायर जोडून गाडी चालू करायचे, तसला मार्ग उरलेला नाही.

दुरुस्तीचा कायदा झाला तेव्हा इलाहीने गॅरेजवर पेढे वाटले होते. कंपन्यांनी बिघाडाची सगळी माहिती कुठल्याही नोंदणीकृत मेकॅनिकला, राज्याच्या भाषेत, फुकट द्यायची असं कायदा सांगत होता. कंपन्यांनी ती दिली. फक्त राज्याच्या भाषेतच दिली. मूळ इंग्रजी मजकूर हे व्यापारी गुपित ठरलं. आणि सुरक्षिततेच्या नावाखाली एक कलम घालून घेतलं: मेकॅनिकने दुरुस्ती पूर्ण म्हटलं आणि गाडीने ती अपूर्ण ठरवली, तर ती एक चुकीची घोषणा. वर्षात पाच झाल्या की नंबर रद्द.

ती मराठी मी लिहिली होती.

अकरा हजार ओळी. निवृत्तीनंतर दोन वर्षं मी तेच काम करत होतो. पुण्याच्या एका एजन्सीने माझं नाव कुठूनसं शोधून काढलं होतं. करारात गुप्ततेची अट होती, ती मला अडचणीची वाटली नाही. माझं नाव कुठे येणार नाही याचा उलट आनंदच झाला. सगळे कोश उघडे ठेवून मी रोज पंधरा-वीस ओळी करायचो आणि एखादा नेटका शब्द सुचला की दिवसभर मनातल्या मनात घोळवायचो. मोटारीचं बॉनेट मी त्या दोन वर्षांत एकदाही उघडलं नाही. कुणाला विचारावं असंही वाटलं नाही. खरं म्हणजे वाटलं होतं. पण गॅरेजमध्ये जाऊन काय बोलायचं, या विचाराने मी गेलो नाही.

त्या सकाळी गॅरेजवर सिद्धाप्पा टेम्पोवाला बसला होता. त्याचा टेम्पो तिथे नव्हता. तो नुसताच चहाला यायचा. इलाहीने माझ्या गाडीला त्याचा तपासणीचा जाड पडदा जोडला आणि आलेली ओळ मोठ्याने वाचली.

“शीतन परिपथ अवरोध अधिक.”

“आयला,” सिद्धाप्पा म्हणाला, “गाडी बिघडलीया का सत्यनारायण घातलाय?”

“परिपथ म्हंजे परीचा पथ,” इलाही म्हणाला. “परी गेली निघून, पथ ऱ्हायला तेवढा.”

“हे लिवणारा कोण म्हणायचा? त्याला एकदा हितं आणून बसवा की. म्हणावं बाबा, एक नट तरी खोल आयुष्यात.”

“नट कशाला खोलंल? त्याचाच एक ढिला आसंल.”

दोघे हसले. मीही हसलो. माझं हसणं त्यांच्याहून जरा मोठंच झालं असावं, कारण इलाहीने माझ्याकडे पाहिलं.

आधीच्या चार चुका मला त्याच्याकडूनच कळल्या होत्या. त्यातली एक तर गावात गोष्टीसारखी सांगतात. एका डॉक्टरांच्या गाडीवर ‘भार विमोचन’ असं आलं. इलाहीने डिकीतलं सगळं सामान उतरवलं, मागच्या स्प्रिंगा तपासल्या, घट्ट केल्या, आणि बटण दाबलं. लाल. तो भार विजेचा होता. वायर क्षणभर सुटली की विजेचा दाब एकदम उसळतो, त्याला इंग्रजीत ‘लोड डंप’ म्हणतात, त्याचं मी शब्दशः मराठी केलं होतं. ते ऐकलं त्या दिवशी मी जेवलो नाही. पण बोललोही नाही. करार आहे, असं स्वतःला सांगितलं.

इलाही तासभर माझ्या गाडीखाली होता. थंड पाण्याच्या नळ्या सोडवून त्याने फुंकून पाहिल्या, पाणी बदललं. नळीत कचरा नव्हता. तो बाहेर आला, हात पुसले आणि पंपाला स्क्रूड्रायव्हरचं टोक लावून मूठ कानाला टेकवली. डोळे मिटून ऐकत राहिला.

“पंप फिरतोय,” तो म्हणाला. “पण पोट भरल्यागत फिरत न्हाई. करंट कमी पडतोय त्याला. माझा कान म्हणतोय वायरीत हाय.”

“मग वायर बघ की,” सिद्धाप्पा म्हणाला.

“कागद म्हणतोय अवरोध. चार खेपांत कधी कागद सोडून कानाचं ऐकलं, कधी कागदाचं ऐकलं, मार दोन्हीकडनं मलाच बसलाय. आता एकच शिल्लक हाय.” तो माझ्याकडे वळला. “सर, तुम्ही शब्दाचं माणूस. तुम्हीच सांगा. अवरोध म्हंजे नक्की काय?”

ही ओळ माझी होती, पण मला ती लिहिल्याची आठवण नव्हती. अकरा हजारांत कुठल्या शब्दामागे मी कुठला इंग्रजी शब्द ठेवला, हे डोळ्यांपुढे येईना. माझी वही घरी ट्रंकेत होती. ‘थांब, घरी जाऊन बघून येतो’ एवढंच म्हणायचं होतं. पण मग तो विचारणार, घरी काय आहे? आणि सिद्धाप्पा समोर बसलेला.

“अवरोध म्हणजे अडथळा,” मी म्हणालो. “मार्गात काहीतरी अडकलेलं असणं. संस्कृतात रुध् धातू आहे. अडवणं.”

“नक्की?”

“कोशात तरी तसंच आहे.”

इलाहीने मान हलवली. वायरीकडे वळलेला त्याचा हात मागे आला. त्याने पाण्याची एक जुनी जाळी काढून टाकली, नवी बसवली, सगळं पुन्हा घट्ट केलं, आणि पडद्यावर नंबर टाकून बटण दाबलं.

नव्वद सेकंद फार मोठे असतात. सिद्धाप्पाने चहाचा कप खाली ठेवला नाही आणि तोंडालाही लावला नाही.

पडदा लाल झाला. खाली एक ओळ आली. तीही माझीच होती. इलाहीने ती मोठ्याने वाचली नाही.

मी घरी आलो आणि ट्रंक उघडली. सुलोचना, माझी बायको, दारात येऊन उभी राहिली. वही करारानुसार मी परत करायला हवी होती. मी ती ठेवली होती. पेन्सिलने केलेलं पहिलं टिपण टाकवलं नव्हतं, एवढंच. पान सापडायला वीस मिनिटं लागली.

डावीकडे इंग्रजीत होतं: कूलिंग सर्किट, रेझिस्टन्स हाय. उजवीकडे मी आधी ‘रोध’ लिहिलं होतं. शाळेच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात असतो तोच शब्द, तारेतून जाणाऱ्या विजेला तार जो विरोध करते त्यासाठीचा. सांधा गंजला की तो वाढतो आणि पंपाला वीज कमी मिळते. सगळं इलाहीच्या कानाने सांगितलं होतं तसंच. पण त्या ‘रोध’च्या आधी, लाल शाईने, मी नंतर ‘अव’ जोडलं होतं. समासात माझ्याच बारीक अक्षरात टीप होती: ‘दोन अक्षरी शब्द पडद्यावर अपुरा दिसतो.’

“काय झालं?” सुलोचनाने विचारलं.

मी सांगितलं. सगळंच सांगितलं. गॅरेजमध्ये हसलो तेही.

तिने वही माझ्या हातातून घेऊन मिटली. मग म्हणाली, “हे मला सांगून काय उपयोग? त्याला सांगा जाऊन.”

संध्याकाळच्या आत मी गॅरेजवर पोचलो. इलाही एकटाच होता. माझी गाडी अजून तिथेच होती, आणि त्याच्या हातात पंपाच्या वायरीचं टोक होतं.

“हे बघा,” तो म्हणाला. पितळी पिन हिरवी पडली होती. “आत पाणी शिरलंय. घासून काढलं. गाडी तुमची बरी झालीया सर, एकदम. फक्त बरी झाली म्हणून सांगायला माझ्याकडं नंबर न्हाई.”

मी उभ्यानेच बोललो. मध्येच थांबलो असतो तर पुन्हा सुरू झालो नसतो, म्हणून एका दमात बोललो. त्याने पिन घासायचं थांबवलं.

“अकरा हजार?”

“हो.”

“भार विमोचन?”

“तेही.”

“आन् मी तुम्हालाच इचारलं, अवरोध म्हंजे काय.” त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. “तुम्हीपण हसला हुता की, सर. आमच्यासंगं.”

तो बराच वेळ पिनेकडे बघत होता. माझ्या ग्रंथालयाचा तो बाहेरचा सभासद होता, पंधरा वर्षं. इतिहासाच्या कपाटातलं वाचायचं त्याने काही ठेवलं नव्हतं. पुस्तक परत करताना मुद्रणदोषांवर पेन्सिलने खुणा करून आणायचा आणि वर विचारायचा, “चालंल ना सर, खोडलं तर?”

“तीस दिवसांत सुनावणी मागता येती,” तो शेवटी म्हणाला. “कोल्हापूरला, निबंधकापुढं. तिथं हे सांगाल? शब्दच चुकीचा हुता म्हणून?”

“सांगेन.”

“करार मोडंल तुमचा.”

“मोडू दे.”

“लिहून आणा मग. चार माणसांत तुमच्या तोंडातनं शब्द फुटत न्हाई, मला म्हाईत हाय.”

मी ते निवेदन सात वेळा लिहिलं. आठव्यांदा लिहायला बसलो तेव्हा सुलोचनाने कागद उचलून पाकिटात घातला आणि पाकीट चिकटवून टाकलं. “आता फक्त वाचायचं,” ती म्हणाली. “सुधारायचं नाही.”

त्या तीन आठवड्यांत गॅरेजचं शटर अर्धंच उघडं असायचं. इलाही पंक्चर काढायचा, त्याला नंबर लागत नाही. लोक गाड्या घेऊन यायचे, तो काय झालंय ते ऐकून बरोबर सांगायचा आणि कोल्हापूरला न्या म्हणायचा. एकदा मी बघितलं, एका अनोळखी गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून तो नुसता उभा होता. मी रस्ता बदलला.

सुनावणीचा दिवस आला. आम्ही दोघे सकाळच्या एसटीने गेलो. निवेदनाची प्रत आधी द्यावी लागते, ती मी खिडकीवर दिली. आत एक लांब टेबल होतं. निबंधक कासारबाई चष्मा कपाळावर चढवून माझंच निवेदन वाचत होत्या. भिंतीवरच्या पडद्यावर कंपनीचे वकील होते, तरुण, टाय घातलेले, त्यांच्या मागे पुस्तकांचं खोटं कपाट.

माझं नाव पुकारलं. मी उभा राहिलो. कागद दोन्ही हातांनी धरला.

“हिरेमठ सर, थांबा जरा,” बाई म्हणाल्या. “हे नोंदीत घ्यायच्या आधी मला तुम्हाला एक कलम वाचून दाखवायचंय. तुमचं निवेदन आल्यापासून तेच वाचतेय मी.” त्यांनी चष्मा खाली घेतला. “पुरवलेली माहिती सदोष असल्याचं सुनावणीत सिद्ध झाल्यास, ती माहिती संपूर्णपणे मागे घेण्यात येईल. सुधारित माहिती पुरवेपर्यंत तिच्यावर आधारलेले सर्व नंबर सुरक्षिततेसाठी स्थगित राहतील.”

“सर्व म्हंजे?” इलाहीने विचारलं.

“राज्यातले सगळे.”

“आजऱ्याचा गुंडू? चंदगडचे ते दोघं भाऊ?”

“चार हजार तीनशे आहेत.”

“किती दिवस, बाई?”

“कायद्यात अठरा महिने दिलेत. कंपनीला वाढवून मागता येतात.”

मी पडद्याकडे पाहिलं. वकील पुढे झुकले होते. “निवेदन नोंदीत घ्यायला आमची काहीच हरकत नाही,” ते म्हणाले. “उलट, एवढ्या प्रामाणिकपणे कुणी पुढे येतंय तर आम्ही स्वागतच करू.” फार गोड आवाज होता त्यांचा.

“आन् हे नोंदीत न्हाई घेतलं तर?” इलाही म्हणाला.

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. “तर फक्त तुमच्या पाच घोषणा उरतात, मुजावर. त्यावर मला निकाल द्यावा लागेल. मला त्यात दुसरं काही करता येत नाही. मी शोधलं.”

अठरा महिने, मी मनाशी म्हणत होतो. इलाहीला तीन आठवडे काढतानाच मी पाहिलं होतं. चार हजार तीनशे अर्धी शटरं माझ्या डोळ्यांपुढे येत होती, आणि तरीही मला ते निवेदन वाचायचं होतं. एकदा तरी वाचायचं होतं. मी पहिला शब्द उच्चारला, “मी,” आणि इलाहीने माझ्या हातातून कागद काढून घेतला. हिसकावला नाही. दमलेल्या माणसाच्या हातातली पिशवी घ्यावी तसा घेतला, घडी घातली, स्वतःच्या खिशात ठेवला.

“हे नोंदीत नका घेऊ, बाई.”

“मग तुमचं म्हणणं काय लिहू?”

“लिवा,” इलाही म्हणाला, “माझ्या वाचण्यात चूक झाली.”

“पाचही वेळा?”

“पाचही. मला मराठी नीट वाचता येत न्हाई.”

पडद्यावरचे वकील मागे टेकले. बाई लिहू लागल्या. पेन दोनदा थांबलं. मग त्यांनी मान वर केली आणि त्या माझ्याशी बोलल्या.

“सर, तुम्ही भाषेचे जाणकार म्हणून इथे हजर आहात, तर मला एक प्रश्न विचारावाच लागतो. पुरवलेली माहिती सामान्य मराठी वाचकाला स्पष्ट आहे, असं तुमचं मत आहे का?”

इलाही माझ्याकडे बघत नव्हता. खिडकीबाहेर बघत होता. पण त्याचा हात खिशावर होता, कागदावर, घट्ट.

आयुष्यभर मी प्रत्येक वाक्यापुढे ‘बहुधा’ लावत आलो. त्या दिवशी लावलं नाही.

“स्पष्ट आहे,” मी म्हणालो.

निकालाची प्रत अर्ध्या तासात मिळाली. आम्ही कचेरीच्या पायऱ्यांवर आलो. बाहेर कडक ऊन होतं आणि समोर पार्किंगमध्ये गाड्या ओळीने उभ्या होत्या. इलाहीने पाकीट फोडलं, कागद उलगडला, वरून खालपर्यंत नजर फिरवली. मग तो माझ्यापुढे धरला.

“वाचा, सर.”

“तू वाचलास की आत्ता.”

“मला कुठं वाचता येतंय? सरकारनं लिहून दिलंय तसं.” तो हसला नाही. “वाचा. मोठ्यानं.”

मी कागद घेतला. पहिली ओळ वाचली. दुसरीवर थांबलो. मी मान वर करून त्याला सोप्या शब्दांत सांगू लागलो, की यांचं म्हणणं असं आहे की...

“न्हाई,” इलाही म्हणाला. “सोपं करून नगा सांगू. लिहिलंय तसंच वाचा.”